३४०० एमएएचचा सेल आणि रात्रभराचा उजेड: तासांचा हिशेब कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे जुन्नरकडचे शेतकरी आहेत. उसाला पाणी रात्रपाळीच्या लाईटीवर द्यावं लागतं, म्हणजे आठ-नऊ तास शेतात. त्यासाठी डोक्याला लावायचा टॉर्च घेतला. त्यात एकच १८६५० सेल (लिथियम सेलचा एक ठरलेला आकार) आहे आणि त्यावर ३४०० एमएएच, म्हणजे मिलिॲम्पियर-तास, अशी क्षमता छापलीय. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘१००० लुमेन’ (लुमेन म्हणजे उजेड मोजायचं एकक) आणि ‘४० तास’. प्रत्यक्षात तासाभरात उजेड बसतो. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: ३४०० ला कशानं भागलं की खरे तास निघतील, आणि बाजारात ९९०० एमएएच लिहिलेला तेवढ्याच आकाराचा सेल स्वस्तात मिळतोय तो घ्यावा का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: घेऊ नका. १८६५० आकाराच्या सेलमध्ये नामांकित कंपन्यासुद्धा सहसा ३५००-३६०० एमएएचच्या आसपासच पोचतात, अगदी अलीकडचे मोजके सेल चार हजारांच्या आसपास. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब डब्यात त्याहून फार जास्त माल बसतच नाही. त्यामुळे ५०००, ६८००, ९९०० असं काहीही छापलेला १८६५० दिसला की तो आकडा नसून रंगकाम आहे असं समजायचं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या टॉर्चमधले असले सेल मोजले तर हजार-बाराशेच्या आसपास निघतात, कधी त्याहूनही कमी. ३४०० छापलेला तुमचा सेल निदान शक्यतेच्या कोटीत तरी आहे. तो खरा आहे का, ते पुढे बघू.

आता मूळ प्रश्न. भागाकार करायचा हे तुमचं बरोबरच आहे. सेलची क्षमता भागिले टॉर्च ओढत असलेला करंट म्हणजे तास. समजा टॉर्च ८०० मिलिॲम्पियर ओढतोय, तर ३४०० एमएएच भागिले ८०० मिलिॲम्पियर, सव्वाचार तास. गणितात खोट नाही. खोट आहे ती वरच्या आकड्यात, खालच्या आकड्यात आणि ‘चालतो’ या म्हणण्यात. टॉर्च चालतो म्हणजे किती उजेडावर चालतो, आणि तो कुठवर मंदावला की संपला म्हणायचं, हे ठरवल्याशिवाय तासांना अर्थ नाही. तुमच्या खोक्यावरचे ४० तास बहुधा खोटे नाहीत. ते सगळ्यात मंद मोडचे आहेत. १००० लुमेन सगळ्यात प्रखर मोडचे आहेत. दोन्ही खरे, फक्त एकाच वेळी नाहीत, आणि छापताना ते शेजारी-शेजारी छापायची पद्धत आहे.

त्यात आणखी एक मेख आहे. टॉर्च कसे मोजायचे याचं एफएल-१ नावाचं मानक अमेरिकेत २००९ साली आलं आणि बऱ्याच चांगल्या कंपन्या ते पाळतात. त्यात चालण्याचा वेळ मोजतात तो असा: टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी जो उजेड असेल तो शंभर टक्के धरायचा आणि तो दहा टक्क्यांवर येईपर्यंत घड्याळ चालू ठेवायचं. म्हणजे १००० लुमेननं सुरू झालेला टॉर्च दोन-तीन मिनिटांनी तापून ४०० वर आला, मग २०० वर रेंगाळला आणि तीन तासांनी १०० ला टेकला, तरी खोक्यावर ‘१००० लुमेन, ३ तास’ असं कायदेशीर छापता येतं. फसवणूक म्हणावी तर नाही, पण उसात उभ्या असलेल्या माणसाच्या कामाचं काहीच नाही.

म्हणून मी गिऱ्हाइकाला एमएएचमध्ये विचार करायचं थांबवून वॉट-तासात करायला सांगतो. शेतकऱ्याला हे लगेच पटतं: एमएएच म्हणजे टाकीत किती लिटर पाणी, आणि व्होल्ट म्हणजे ती टाकी किती उंचीवर ठेवलीय. नुसत्या लिटरवरून पाणी किती जोरात आणि किती काम करेल ते कळत नाही. दोन्हींचा गुणाकार लागतो. तुमचा सेल ३.६ व्होल्टचा, ३.४ ॲम्पियर-तासांचा. गुणाकार १२.२ वॉट-तास. हा झाला जमेचा आकडा.

यातून वजावट. सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि कंपनी ३४०० मोजते ती बहुतेक २.५ व्होल्टपर्यंत पार पिळून, तेही मंद करंटवर. टॉर्च मात्र सेल वाचवण्यासाठी ३ व्होल्टच्या आगेमागेच बंद पडतो किंवा उजेड पाडतो. शिवाय सेल वर्ष-दीड वर्ष वापरातला असेल तर तीनशे-पाचशे चार्जिंगनंतर तो ऐंशी टक्क्यांवर आलेला असतो. नवा धरला तरी दहा-पंधरा टक्के इथेच सोडा. उरले साडेदहा. मग सेल आणि एलईडी यांच्यामधलं सर्किट, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, ते स्वतः थोडं खातं आणि गरम होतं. बरा ड्रायव्हर असेल तर पंधरा टक्के गेले. एलईडीला खरोखर पोचतात ते साधारण ९ वॉट-तास.

आता खर्चाची बाजू. हल्लीचा चांगला पांढरा एलईडी भिंग-काचेतून बाहेर पडेपर्यंतचं नुकसान धरून एका वॉटला शंभर ते एकशेतीस लुमेन देतो. जास्त दाबून चालवला की शंभर किंवा खाली, आणि मंद चालवला की एकशेतीसपर्यंत. तेव्हा तुमच्या टॉर्चच्या १००० लुमेनला १० वॉट लागतात, म्हणजे ५४ मिनिटं. ३०० लुमेनला अडीच वॉट, म्हणजे साडेतीन तासांच्या थोडं वर. ३० लुमेनला पाव वॉटच्या आत, म्हणजे एकोणचाळीस तास. खोक्यावरचे ४० तास कुठून आले ते इथे दिसलं. आणि तुमचा उजेड ‘तासाभरात बसतो’ तेही दिसलं. टॉर्चमध्ये बिघाड नाही, तुम्ही तो कायम प्रखर मोडवर वापरताय.

एवढं सगळं दर वेळी मांडायला नको. मी एक ढोबळ आकडा डोक्यात ठेवतो: एक चांगला, खरा, ३४०० च्या आसपासचा १८६५० म्हणजे साधारण हजार लुमेन-तास. १००० लुमेन एक तास, १०० लुमेन दहा तास, ५० लुमेन वीस तास. उत्तम टॉर्च याच्या वर जातात, रद्दी टॉर्च निम्म्यावर राहतात, पण अंदाजाला हे पुरतं. खोटी जाहिरात पकडायलाही याचाच उपयोग. एका सेलवर ‘१००० लुमेन, सलग ८ तास’ असं कुणी लिहिलं तर ते आठ हजार लुमेन-तास झाले. पांढऱ्या उजेडाची भौतिक मर्यादाच एका वॉटला तीनशे-साडेतीनशे लुमेनच्या आसपास आहे, म्हणजे १२ वॉट-तासांतून कितीही हुशार इंजिनिअर बसवला तरी चार-सव्वाचार हजारांच्या वर काही निघणार नाही.

हा अंदाज झाला. खात्री हवी असेल तर मोजा. दोनच गोष्टी मोजायच्या आहेत.

पहिली, टॉर्च प्रत्येक मोडला किती करंट ओढतो. शंभर-दोनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर चालतो. लाल वायर १० ॲम्पियरच्या भोकात घाला; मिलिॲम्पियरच्या भोकात घालून टॉर्च लावलात तर मीटरचा फ्यूज उडेल. टॉर्चचं मागचं झाकण काढा, सेल आतच राहू द्या. मीटरचं एक टोक सेलच्या मागच्या सपाट बुडाला, दुसरं नळीच्या कडेच्या उघड्या, चकचकीत धातूला. काळ्या रंगाच्या भागावर टेकवलंत तर काहीच दिसणार नाही, तो थर वीज नेत नाही. बटण मागच्या झाकणात असेल तर टोकं टेकताच टॉर्च लागेल, बाजूला असेल तर ते दाबा. आकडा वाचा आणि लगेच सोडा, दहा सेकंदांच्या वर धरू नका. स्वस्त मीटरला १० ॲम्पियरच्या बाजूला फ्यूजच नसतो.

तुमच्या मधल्या, ३०० लुमेनच्या मोडवर ०.८ ॲम्पियरच्या, म्हणजे ८०० मिलिॲम्पियरच्या, आसपास आकडा यावा. आला तर सेलच्या वापरता येण्याजोग्या ३००० एमएएचला ८०० नं भागा: पावणेचार तास. इथे ड्रायव्हरची वेगळी वजावट करायची नाही, कारण सेलमधून निघणारा करंटच आपण मोजलाय, त्यात ती आलीच. वॉटवरून काढलेल्या उत्तराशी हे जुळतं का बघा. पंधरा-वीस टक्क्यांचा फरक चालतो. प्रखर मोडचं मोजमाप मात्र थोडं कमीच येईल, कारण मीटरच्या बारीक वायराच करंट अडवतात. त्यावर फार विसंबू नका.

आणि हे सगळं ‘ड्रायव्हर कसा आहे’ यावर अवलंबून आहे, ते सांगितलंच पाहिजे. चांगल्या ड्रायव्हरवर उजेड एकसारखा राहतो आणि शेवटी एकदम पडतो. अशा टॉर्चला भागाकार चपखल बसतो. स्वस्त टॉर्चमध्ये ड्रायव्हर म्हणून एखादा रेझिस्टर असतो किंवा तोही नसतो. तिथे सेल भरलेला असताना अडीच ॲम्पियर ओढला जातो आणि पुढे तो उतरत जातो, उजेडही त्याच्याबरोबर. अशा टॉर्चला भरल्या सेलवरचा करंट घेऊन भागलंत तर तास फार कमी दिसतील, आणि प्रत्यक्षात टॉर्च सकाळपर्यंत काजव्यासारखा जळत राहील. त्यासाठी सेल अर्धा उतरल्यावर, ३.७ व्होल्टच्या आसपास, पुन्हा करंट मोजा आणि तो आकडा भागाकाराला घ्या.

दुसरं मोजमाप सेलचं. लिथियम सेल तपासायचं खास यंत्र मिळतं, पण तुमच्या टॉर्चला यूएसबीची पिन असेल तर चार्जरच्या वायरमध्ये मधे लावायचा छोटा यूएसबी मीटर पुरे. टॉर्च आपोआप बंद पडेपर्यंत किंवा अगदी मंद होईपर्यंत उतरवा, मग हा मीटर लावून पूर्ण चार्ज करा. छोट्या टॉर्चमध्ये बहुतेक टीपी४०५६ जातीची लिनियर चार्जिंगची चिप असते. तिच्यात जेवढा करंट आत जातो साधारण तेवढाच सेलमध्ये जातो, म्हणून मीटरवर दिसणारे एमएएच हेच सेलचे एमएएच धरायला हरकत नाही. तिथे वॉट-तासाचा आकडा मात्र बघू नका, तो ५ व्होल्टवरचा असल्यानं फुगलेला असतो. २८०० ते ३२०० दिसलं तर सेल खरा आणि ठणठणीत. ११०० दिसलं तर तुम्हाला उत्तर मिळालं.

मीटर नसेल तर सोनाराच्या काट्यावर नेऊन ठेवा. खरा १८६५० पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. तीस ग्रॅम भरला तर विषय संपला. बरोबर भरला तरी तो खरा असेलच असं नाही, कारण वजन बसवायची लबाडीही होते. वजनावरून सेल नापास करता येतो, पास करता येत नाही.

आता तुमच्या रात्रीकडे येऊ, कारण खरा फायदा तिथेच आहे. डोळ्याला उजेड सरळ हिशेबात दिसत नाही. ३०० लुमेनचे १५० केले तर निम्मा झाला असं कुणाला वाटत नाही, ‘जरासा कमी झाला’ एवढंच वाटतं. तास मात्र दुप्पट होतात, किंबहुना थोडे जास्तच. पायाखालची वाट, सरी, बांध बघायला रुंद पसरणारे ५० ते १०० लुमेन भरपूर झाले. घोणस असो वा मण्यार, ती पायापासून दहा-बारा फुटांत दिसली पाहिजे, शंभर मीटरवर नाही. लांबचा झोत लागतो तो बांधावरून उसाच्या कडेला कुणी आहे का बघताना, म्हणजे बिबट्याच्या भागात. ते काम मिनिटभराचं, आणि त्यासाठी १००० लुमेनचा मोड राखून ठेवायचा.

मी तुमची रात्र अशी मांडली असती: दारं धरायला, पाणी फिरवायला, मोटरीपर्यंत जायला-यायला मिळून दोन तास ३०० लुमेन, म्हणजे ६०० लुमेन-तास. सरी भरेपर्यंत बांधावर बसायचं ते सहा तास ३० लुमेन, म्हणजे १८०. मधूनमधून प्रखर झोत मिळून बारा मिनिटं, म्हणजे २००. एकूण ९८०. आपल्या हजाराच्या अंदाजात हे जेमतेम बसतं, आणि जेमतेम बसतं म्हणजे न बसल्यासारखंच. मधल्या तीनशेऐवजी १०० चा मोड असेल आणि तेवढ्यात भागत असेल तर तोच हिशेब ५८० वर येतो आणि सेल घरी येताना चांगला चाळीस टक्के भरलेला असतो. माझा सल्ला हाच: मोठा सेल शोधण्याआधी मोड बदला. टॉर्चला तीनच मोड असतील आणि मधला फार प्रखर असेल, तर पुढचा टॉर्च घेताना लुमेनचा सगळ्यात मोठा आकडा सोडा आणि ५० ते १५० च्या दरम्यान एखादा मोड आहे का ते विचारा.

बाकीच्या वाचकांकडे दुसऱ्या जातीचे टॉर्च असतील, त्यांच्यासाठी थोडं. तीन ट्रिपल ए सेलवाला हेडटॉर्च असेल तर १००० अधिक १००० अधिक १००० असे तीन हजार एमएएच धरू नका. सेल एकापुढे एक लावले की व्होल्ट वाढतात, एमएएच तेवढेच राहतात. वॉट-तासात मांडलं की ही चूक होतच नाही: तीन सेल मिळून सव्वाचार-साडेचार वॉट-तास, म्हणजे तुमच्या एका १८६५० च्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. अल्कलाइन सेलवर एमएएच बहुधा छापलेलंच नसतं, कारण तो आकडा किती जोरात ओढताय त्यावर ठरतो. मंद टॉर्चला अडीच हजार देणारा डबल ए, एक ॲम्पियर ओढला की निम्म्याहून कमी देतो. तिथे २००० लिहिलेला रिचार्जेबल निकेल सेल जवळपास पूर्ण दोन हजार देतो. छापील आकडा लहान, काम मोठं.

४ व्होल्टची जड बॅटरी असलेले जुने चार्जिंगचे टॉर्च अजून घरोघरी आहेत. ती लेड-ॲसिड बॅटरी. तिची क्षमता सहसा वीस तासांत हळूहळू उतरवून मोजलेली असते. तासाभरात उतरवली तर साठ टक्क्यांच्या आसपासच हाती लागते. आणि उतरलेली तशीच फडताळात पडली की ती मरते. लिथियमची तऱ्हा उलटी: ती पूर्ण भरून पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर टांगून ठेवली की लवकर म्हातारी होते. हिवाळ्याच्या थंडीचा आपल्याकडे विशेष फरक पडत नाही. हिमालयात उणे तापमानात जाणाऱ्यांनी मात्र सेल आतल्या खिशात ठेवावा.

एक बारीक गळतीही बघून ठेवा. बटणात कायम जळणारा छोटा हिरवा दिवा असेल तर तो एक मिलिॲम्पियर जरी खात असला तरी दिवसाला २४ आणि महिन्याला ७२० एमएएच गेले. महिनाभर न वापरलेला ‘फुल चार्ज’ टॉर्च पहिल्याच रात्री लवकर झोपतो त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. मागचं झाकण अर्धा आटा सैल करून ठेवलं की बहुतेक टॉर्चमध्ये ही गळती थांबते.

पॉवर बँक बरोबर नेऊन शेतातच चार्ज करायचा विचार असेल तर तिथेही छापील आकडा तसाच वाचा. १०,००० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टवर मोजलेले असतात. ५ व्होल्टवर बाहेर येतात ते सहा-साडेसहा हजार. तुमच्या टॉर्चचे त्यात जेमतेम दोन चार्ज होतात, आणि चार्जिंगला लागणाऱ्या तीन-चार तासांत तुम्ही अंधारात. त्यापेक्षा दुसरा खरा सेल घ्या, नामांकित कंपनीचा, ३०००-३५०० छापलेला. पहिला उतरला की पाऊण मिनिटात बदलता येतो. फक्त तो सुटा सेल किल्ल्या, चिल्लर, पाना असल्या खिशात टाकू नका. दोन्ही टोकं धातूनं जोडली गेली तर चड्डीला आग लागेल इतका तापतो. सेल ठेवायची प्लास्टिकची डबी पाच-दहा रुपयांना मिळते, ती घ्या, आणि शेतात अंधारात बदलताना अधिक-उण्याची बाजू चुकू नये म्हणून सेलच्या वरच्या टोकाशी चिकटपट्टीची एक फेरी मारून ठेवा, बोटाला कळते.